पुनर्विकासाच्या बार चार्टमधल्या रिकाम्या जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत विकासक किंवा पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार) कामाचा बार चार्ट, म्हणजे पट्ट्यांनी मांडलेले वेळापत्रक, पडद्यावर दाखवतात, तेव्हा बहुतेक सभासद शेवटची तारीख तेवढी टिपून घेतात. भाड्याच्या घरात दिवस काढायचे असल्यामुळे ते साहजिकच आहे. मात्र ती तारीख कशी आली, हे कळायचे तर एक काम संपून दुसरे सुरू होईपर्यंत जी रिकामी जागा राहते ती पाहावी लागते. पीडीएफमध्ये ही जागा नुसती कोरी दिसते. मूळ फाइलमध्ये तिचे कारण सापडते. म्हणून सोसायट्यांनी दर महिन्याला मूळ फाइल मागावी, असे आम्हाला कळकळीने सुचवायचे आहे. वेळापत्रक मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या सॉफ्टवेअरमध्ये केलेले असेल तर एमपीपी फाइल, प्रायमाव्हेरात केलेले असेल तर एक्सईआर. एमपीपी उघडायला परवाना विकत घ्यावाच लागतो असे नाही, प्रोजेक्टलिब्रे या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ती उघडते.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये फाइल उघडल्यावर पट्ट्यांकडे जाण्याआधी डावीकडच्या तक्त्यात प्रेडिसेसर (मागचे काम), फ्री स्लॅक, कन्स्ट्रेंट टाइप (तारखेचे बंधन), टास्क मोड (ऑटो की मॅन्युअल) आणि लेव्हलिंग डिले (माणसे-यंत्रे कमी पडू नयेत म्हणून सॉफ्टवेअरने दिलेला उशीर) हे रकाने वाढवून घ्यावेत. प्रेडिसेसरच्या रकान्यात ‘१२एफएस+१५ डेज’ (एफएस म्हणजे फिनिश-टू-स्टार्ट, एक संपल्यावर दुसरे सुरू) असे लिहिलेले असेल, तर बारा क्रमांकाचे काम संपल्यावर कामाचे पंधरा दिवस मुद्दाम सोडलेले आहेत. यालाच लॅग म्हणतात. या रकान्यावर ‘कंटेन्स’ फिल्टर लावून अधिकचे चिन्ह शोधले की सगळे लॅग एका यादीत येतात. वजाचे चिन्ह शोधले की लीड सापडतात, म्हणजे मागचे काम संपायच्या आत पुढचे सुरू धरलेले असते. अमेरिकी संरक्षण खात्याची कंत्राटे तपासणारी डीसीएमए ही यंत्रणा वेळापत्रकात लीड अजिबात चालवून घेत नाही आणि लॅग कामांमधल्या एकूण जोडण्यांच्या पाच टक्क्यांपर्यंतच मान्य करते. आपल्याकडे ही मर्यादा बंधनकारक नाही, तरी मोजून पाहायला काहीच हरकत नाही.

आता फ्री स्लॅक, म्हणजे पुढचे काम न ढकलता मागचे काम जितके दिवस लांबू शकते ते दिवस. रिकामी जागा लॅगमुळे असेल, तर मागच्या कामाचा फ्री स्लॅक शून्य दिसतो, कारण सॉफ्टवेअर लॅगला जोडणीचाच भाग समजते. त्यामुळे स्लॅक शून्य आहे म्हणजे वेळापत्रक घट्ट आहे, असा निष्कर्ष काढू नये. पट्ट्यांमध्ये अंतर आहे, लॅग नाही आणि फ्री स्लॅक मात्र वीस दिवस, असे दिसले तर पुढचे काम दुसऱ्याच कशाने तरी अडले आहे. कधी त्याला आणखी एक मागचे काम असते आणि ते उशिरा संपणार असते. त्यात गैर काही नाही. पण पुष्कळदा वेळापत्रक करणाऱ्याने स्टार्टच्या रकान्यात हाताने तारीख टाकलेली असते. तसे केले की ऑटो शेड्यूल असलेल्या कामाला सॉफ्टवेअर आपोआप ‘स्टार्ट नो अर्लियर दॅन’ हे बंधन लावते, आणि मागचे काम महिनाभर आधी संपले तरी पुढचे त्या तारखेच्या आधी येत नाही. बंधनाला ठोस कारण नसेल, तर ते ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ करून घ्यावे. टास्क मोड मॅन्युअल असेल तर काम तारखेला खिळलेलेच असते. मागचे काम कितीही सरको, हे जागचे हलत नाही. नेमके कारण एका ठिकाणी पाहायचे असेल तर काम निवडून टास्क टॅबमधले ‘इन्स्पेक्ट’ दाबावे. जोडणी, लॅग, बंधन, कॅलेंडर यांपैकी सुरुवातीची तारीख कशाने ठरली ते तिथे दिसते.

लॅग सरसकट वाईट नसतो. स्लॅब भरल्यावर थांबावेच लागते. आयएस ४५६ : २००० नुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटसाठी, तापमान १५ अंशांखाली गेले नसेल तर, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू ७ दिवसांनी आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी काढता येतात. सहा मीटरहून लांब तुळईला २१ दिवस लागतात. गडबड होते ती हे दिवस मोजण्यात. काँक्रीट रविवारीही घट्ट होत असते, पण ‘१४ डी’ असा लॅग टाकला की सॉफ्टवेअर फक्त कामाचे दिवस मोजते. सहा दिवसांचा आठवडा धरला आणि शुक्रवारी संध्याकाळी स्लॅब भरून झाला, तर टेकू काढायचे काम तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी पडते. मध्ये १७ दिवस गेले. तेच ‘१४ ईडी’, म्हणजे सलग दिवस, असे टाकले तर दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी सकाळी टेकू निघतात. त्या मजल्याचे विटकाम टेकूंसाठीच थांबलेले असेल, तर तीन दिवस कुणालाही न कळता गेले. प्रायमाव्हेरात लॅग कोणत्या कॅलेंडरने मोजायचा हे शेड्यूलिंगच्या पर्यायांत ठरवावे लागते: मागच्या कामाच्या, पुढच्या कामाच्या, प्रकल्पाच्या की चोवीस तासांच्या. त्याचीही विचारणा करावी.

पावसाळ्याचे कॅलेंडर हा वेगळा प्रकार. खोदाईला जून ते सप्टेंबर बंद असलेले कॅलेंडर लावले असेल आणि पाडकाम मेअखेरपर्यंत रेंगाळले, तर खोदाई थेट १ ऑक्टोबरला जाते. मध्ये १२२ दिवस, आणि लॅगच्या यादीत त्यांचा मागमूस नसतो. पाडकामातल्या आठवड्याच्या दिरंगाईची किंमत इथे चार महिने होते, म्हणून सभासदांनी घरे रिकामी करण्याची तारीख याच्याशी ताडून ठरवावी.

आमचा खरा आक्षेप आहे तो परवानग्या लॅगमध्ये दडवण्याला. मुंबईत आधी जोत्यापर्यंतची सीसी (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) मिळते, जोते तपासून झाल्यावर पुढची. वेळापत्रकात मात्र ‘जोते पूर्ण’ आणि ‘पहिला स्लॅब’ यांच्यामध्ये नुसता ‘+४५ डेज’ लिहिलेला आढळतो. लॅगला नाव नसते, जबाबदार माणूस नसतो, टक्केवारीत प्रगती नसते. अर्ज कधी गेला, त्रुटी कधी निघाली, पूर्तता कुणी केली नाही, यातले काहीच त्या आकड्यात येत नाही. उद्या भाड्याचा वाद उभा राहिला तर विकासक महापालिकेकडे बोट दाखवणार आणि सोसायटीच्या हाती पुरावा नसणार. म्हणून असा प्रत्येक लॅग मोडून त्याची स्वतंत्र कामे करून घ्यावीत: जोते तपासणीचा अर्ज, तपासणी, पुढची सीसी. प्रत्येकापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव हवे. क्युरिंगचेही (काँक्रीट पक्के होऊ देण्याचेही) तसेच, फक्त त्याचा कालावधी सलग दिवसांत द्यावा.

बेसलाइन (सुरुवातीच्या मंजूर वेळापत्रकाची नोंद) जतन केली आहे, एवढ्या आश्वासनावर विसंबू नये. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या बेसलाइनमध्ये तारखा, कालावधी, काम आणि खर्च साठवला जातो, जोडण्या आणि लॅग नाहीत. ७ दिवसांचा लॅग कुणी २१ केला, तर बेसलाइनशी तुलना करताना तारीख सरकल्याचे दिसेल, पण का सरकली ते कळणार नाही. त्यासाठी मागच्या महिन्याची फाइल जपून ठेवावी, रिपोर्ट टॅबमधल्या ‘कंपेअर प्रोजेक्ट्स’ने दोन्ही फाइल समोरासमोर ठेवाव्यात आणि प्रेडिसेसरचा रकाना ताडून पाहावा. मूळ फाइल देण्याची अट विकसन करारातच लिहून घ्यावी. करारावर सह्या झाल्यावर ती मिळवणे फार अवघड जाते.

आपले,
बांधकाम नियोजन क्षेत्रातील काही अभियंते, मुंबई