लालबागच्या कारखान्यातल्या काकांना: स्पिटफायर पूर्ण झालं, मनापासून आभार

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार. तुम्ही मोबाईलवर फारसं वाचत नाही हे मला माहितीय, पण तुमच्या पुतण्याने कबूल केलंय की चहाच्या वेळी हे तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवीन. आणि मला हे सगळ्यांसमोरच लिहायचं होतं, कारण ऐन सीझनमध्ये, डोक्यावर मंडळांच्या मूर्तींचं एवढं काम असताना, तुम्ही शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीच्या वीतभर विमानासाठी वेळ काढलात हे चार लोकांना कळायलाच पाहिजे. विमान पूर्ण झालं काका. शेवटचा मॅट कोट सुकला, काचेवरची टेप निघाली, प्रोपेलर बसला आणि फिरतोसुद्धा.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. स्पिटफायर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं इंग्रजांचं लढाऊ विमान. स्केल मॉडेल म्हणजे खऱ्या विमानाची मापात केलेली छोटी प्रतिकृती, माझं १/७२ चं, म्हणजे खऱ्यातले बहात्तर फूट इथे एक फूट. स्पिटफायर मार्क आठच्या पंखांचा विस्तार साधारण सव्वाअकरा मीटर, तो इथे साडेपंधरा सेंटीमीटरमध्ये येतो. प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, जोडायचे, सांध्यात लांबी भरायची, परत घासायचं, आणि मग रंग. जोडायचा सिमेंट म्हणजे फेविकॉलसारखा चिकटवणारा नसतो, तो प्लास्टिक विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो, त्यामुळे सांधा नीट घासला की तिथे जोड होता हे कळत नाही. हे सगळं घरात डायनिंग टेबलावर होतं. रंग मात्र मुंबईच्या जुलैमध्ये घरात होत नाही, आणि तिथेच काका आले.

स्पिटफायरच का, ते तुम्हाला सांगितलं होतं, तरी लिहिते. माझी आजी नव्वदीच्या पुढे आहे, तिचे वडील गोदीत कामाला होते, आणि १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोट फुटली तेव्हा ती शाळकरी पोरगी होती. चार वाजून गेल्यावर पहिला धमाका, अर्ध्या तासाच्या आत दुसरा त्याहून मोठा, पार शिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, म्हणून अजूनही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. आजीचे वडील रात्री उशिरा चालत घरी आले, कपडे काळे पडलेले, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पण बोटीवर साधारण चौदाशे टन स्फोटकं होती, कापसाच्या गाठी होत्या, सोन्याच्या विटा होत्या एवढंच आजीला माहीत होतं. इंग्लंडहून निघताना त्याच बोटीच्या मालात खोक्यांत बांधलेली स्पिटफायर विमानंही होती, हे मी वाचून सांगितलं तेव्हा ती बराच वेळ विचार करत बसली आणि म्हणाली, कसं असतं गं ते विमान, मला दाखव. फोटो दाखवले तर म्हणे असं नाही, हातात घेऊन बघायचंय. तिला आता लांबचं नीट दिसत नाही, जवळ धरलेलं दिसतं. म्हणून हे विमान, आणि म्हणून ह्याच पावसाळ्यात, पुढच्या हिवाळ्यावर ढकलायचं नव्हतं मला.

आता पावसाळ्यात लॅकर मारणं म्हणजे काय हे मूर्तिकारांना सांगायला नको. रंगातलं सॉल्व्हंट भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं, आणि हवा आधीच पाण्याने भरलेली, ते पाणी त्या थंड ओल्या रंगावर बसतं आणि कोट दुधाळ पांढरा पडतो. हिरवा मारावा आणि सुकल्यावर त्यावर साय धरल्यासारखी दिसावी. वर माझा छोटा कॉम्प्रेसर हवेबरोबर पाण्याचे थेंब फेकायचा. मी तुमच्याकडे आले होते ते फक्त विचारायला की तुमच्या कॉम्प्रेसरला पाण्याचा ट्रॅप कुठला लावलाय. तुम्ही हातातली गन खाली ठेवलीत, स्टुलावर बसलात आणि म्हणालात, आधी ते विमान घेऊन ये पोरी, मग बोलू.

पुढे जे झालं ते मी वहीत लिहून ठेवलंय. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी टाकीच्या खालचा व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडायचं, पावसाळ्यात दुपारी परत एकदा, हे तुमचं पहिलं. दुसरं, सकाळी लवकर आणि पाऊस पडत असताना गन हातात धरायचीच नाही. तिसरं म्हणजे तुम्ही शेडमधला तो प्लास्टिकचा कागद लावलेला कोपरा, जिथे हॅलोजन लावून तुम्ही मूर्तींचं बॉडी कलर सुकवता, तो पोरं जेवायला बसतात तेवढ्या वेळात मला वापरायला दिलात. तिथली हवा कोरडी. पण दिवा लांब ठेवायचा, कारण प्लॅस्टरला चालतं ते ह्या पातळ प्लास्टिकला चालत नाही, पंख वाकेल, हे तुम्ही विमान एकदा हातात घेऊन, नखाने वाजवून ओळखलंत. आणि तुमचा एनसी थिनर, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगांचा थिनर! मी काही बोलायच्या आत तुम्ही चौकटीचा एक टाकाऊ तुकडा मागितलात, त्यावर थेंब टाकलात, तो चिकट होऊन गेलेला बघितलात आणि बाटली उचलून पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलीत. आयुष्यभर ज्या थिनरवर काम केलं तो बाजूला ठेवून माझ्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. कोटही तुमच्या पद्धतीने दिले, एकदम ओला हात नाही, धुक्यासारखा पातळ, हात फिरता, आणि मध्ये थांबायचं. पांढरं पडणं बंद झालं.

पण काका, ह्या सगळ्या तांत्रिक गोष्टी कदाचित मला कुठेतरी वाचायला मिळाल्या असत्या. जी मिळाली नसती ती म्हणजे तुमचा तो प्रश्न, "हे बघणार कुठून?" मला आधी कळलाच नाही. मग तुम्ही मंडळाच्या त्या उंच मूर्तीकडे बोट केलंत आणि सांगितलंत की हिचा चेहरा मी शिडीवर चढून रंगवतो तेव्हा तो मला विचित्रच दिसतो, कारण तो माझ्यासाठी नाहीच, खाली रस्त्यावर उभा राहून मान वर करून बघणाऱ्यासाठी आहे, नजर त्याच्यावर पडली पाहिजे. घरातली दीड फुटाची मूर्ती वेगळी, तिच्यासमोर माणूस मांडी घालून बसतो. मग हे विमान? मी हिशोब केला. माणूस ते एक फुटावरून बघणार, म्हणजे खरं विमान बहात्तर फुटांवरून. आणि बहात्तर फुटांवरून हिरवा रंग बाटलीतल्याएवढा गडद दिसत नाही, मधली हवा त्याला फिकट करते. तुम्ही हिरव्यात आणि राखाडीत पांढऱ्याचे थेंब टाकायला लावलेत, खालच्या फिकट राखाडीत अजून थोडे, आणि पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा नुसत्या जाणवतील एवढ्याच ठेवल्यात. हल्ली बरेच मॉडेलर त्या रेघा काळ्याकुट्ट भरतात, स्पर्धेत छान दिसतं म्हणे, मला आता ते काळं जाळं बघवत नाही. बहात्तर फुटांवरून कुणाला कधी दिसलंय ते.

चिन्हांच्या वेळी तुम्ही विचारलंत की इंग्रजांच्या विमानावर लाल ठिपका असतो ना, तो कुठेय. ह्यावर नाही काका, मुद्दाम नाही. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, आणि हवेत एका क्षणात आपला की परका ठरवायचं असतं, म्हणून इकडच्या आघाडीवर, माउंटबॅटनच्या साउथ ईस्ट एशिया कमांडमध्ये, विमानांच्या गोलातून लाल काढूनच टाकला, गडद निळ्यात फिकट निळा ठेवला, आणि पंखांवर नि शेपटीवर पांढरे पट्टे मारले. माझं विमान इंडियन एअर फोर्सच्या आठ नंबर स्क्वाड्रनचं आहे. ही स्क्वाड्रन १ डिसेंबर १९४२ ला उभी राहिली, आधी व्हेंजन्स ही बॉम्बर विमानं उडवायची, १९४४ मध्ये स्पिटफायर मार्क आठ मिळाली आणि १९४५ च्या सुरुवातीला ती ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीवर होती. हे ऐकल्यावर तुम्ही त्या दोन निळ्या गोलांकडे ज्या पद्धतीने बघितलंत ना, डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची ती पातळ छापील चिन्हं, बसवताना तुमचा हात माझ्यापेक्षा जास्त जपून चालला. आधी ग्लॉस कोट, मग डिकल, म्हणजे खाली हवा अडकून चंदेरी डाग पडत नाही, हे मी सांगितलं आणि तुम्ही लगेच म्हणालात, बरोबर आहे, खडबडीवर वर्खही बसत नाही.

मग वैमानिक. भारतीय पोरगा स्पिटफायरमध्ये बसलेला, आणि किटच्या कागदावर चेहऱ्याचा रंग गुलाबी दिलेला. तुम्ही एक शब्द न बोलता गेरूसारखा तपकिरी, थोडा पिवळा, किंचित लाल असा मिसळलात, आणि आमच्या गिरणगावातल्या कुठल्याही घरात शोभेल असा वर्ण तयार झाला. मी मनात धरून होते की आता काका डोळे आखणार. अख्खं लालबाग तुमच्याकडून डोळ्यांची आखणी करून घेतं, लोक त्या दिवशी नुसते बघायला उभे राहतात. चेहरा ज्वारीच्या दाण्याहून लहान. तुम्ही एका केसाचा ब्रश उचललात, बराच वेळ बघितलंत आणि डोळे काढलेच नाहीत. भुवयांच्या खाली एक सावलीची रेघ, गालाच्या हाडावर एक उजळ ठिपका, बस. म्हणालात, एवढ्या लांबून माणसाचे डोळे दिसत नसतात, डोळ्यांची जागा दिसते, दोन ठिपके दिले तर तो दचकलेला वाटेल. आणि खरंच, एक फुटावर धरलं की तो समोर बघतोय. ज्यांचं नाव डोळ्यांसाठी आहे त्यांनी माझ्या वैमानिकाचे डोळे न काढून त्याला नजर दिली, ह्यासाठी कुठल्या भाषेत थँक्यू म्हणायचं मला कळत नाही.

शेवटचा हात जुनेपणाचा. मर्लिन इंजिनाला बारा सिलिंडर, प्रत्येक बाजूला सहा नळकांडी, त्यांच्या मागे धुराचा पट्टा पडतो, तो मी केला. पण पंखावरचा रंग कुठे उडलेला दाखवायचा हे तुम्ही विचारून घेतलंत, माणूस आत कुठून चढतो? डावीकडून, दार तिकडेच असतं. मग डाव्या पंखाच्या मुळाशीच उडव, उजवीकडे कशाला, जिथे पाय पडतो तिथलाच रंग जातो. मंडळाच्या गणपतीच्या पायांवरचा रंग दहा दिवसांत कसा जातो ते दरवर्षी बघणारा माणूसच हे एवढ्या सहज सांगू शकतो.

पैशांचं नाव काढलं तर तुम्ही रागावलात, ते आता परत काढत नाही. तुमच्या पोरांचेही आभार, विशेषतः ज्याने कॉकपिटच्या काचेच्या चौकटीसाठी आरशावर टेप ठेवून नव्या ब्लेडने दोऱ्याएवढ्या पट्ट्या कापून दिल्या, त्याचा हात तयार आहे काका, त्याला आखणी शिकवा. आणि काकूंनी मला उपाशी कधी रंगवू दिलं नाही, त्यांना वेगळा नमस्कार.

आजीच्या हातात विमान रविवारी दिलं. तिने ते डोळ्यांजवळ धरलं, पोटाखालून बघितलं, चाकं फिरवली, मग विचारलं आत बसलाय तो कुठला. मी सांगितलं आपलाच. तुम्हाला तिने घरी बोलावलंय, हक्काने, आणि गोदीतल्या त्या दिवसाबद्दल तुमच्या वडिलांनी काय सांगितलं होतं ते तिला ऐकायचंय. आता गणपतीची गडबड, मग लगेच नवरात्रीच्या देव्या, त्यामुळे दसरा झाला की या. मी तुम्हाला घ्यायला कारखान्यात येईन, आणि येताना तुमच्या बारीक गनची सुई आणि नोझल नवीन घेऊन येतेय, जुनी सुई टोकाला वाकलीय हे मी बघितलंय, ह्याला नाही म्हणू नका.

तुमची,
शेजारच्या बिल्डिंगमधली विमानवाली