गाणं लिहिणारीचंही नाव छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत अलीकडे अमेरिकेतल्या कंट्री गायिकांबद्दल (कंट्री म्हणजे तिथल्या लोकसंगीतातून आलेला लोकप्रिय प्रकार) वरचेवर वाचायला मिळतं. कुणाच्या कार्यक्रमाची तिकिटं किती मिनिटांत संपली, कुणाचं लग्न मोडलं, पुरस्काराच्या रात्री कुणी काय घातलं होतं. मी या संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलला राहते आणि इथल्या छोट्या व्यावसायिकांचे कराचे हिशेब करते. माझ्याकडे येणाऱ्यांत गाणी लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या तरुण मुली बऱ्याच आहेत. त्यांचं जे आयुष्य मला कागदांतून दिसतं, ते आपल्या पानांवर कधी आलं नाही, म्हणून हे पत्र.

नॅशव्हिलचा संगीताचा सगळा धंदा गाणं लिहिण्यावर उभा आहे. म्युझिक रो नावाच्या भागात जुन्या घरांमधून संगीत प्रकाशकांची, म्हणजे गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपन्यांची, ऑफिसं आहेत. सकाळी दहा-अकराला तिथल्या एखाद्या खोलीत दोघं-तिघं जमतात, कित्येकदा एकमेकांना पहिल्यांदाच भेटलेली, आणि दुपारपर्यंत गाणं करून उठतात. दुसऱ्या दिवशी दुसरी खोली, दुसरी माणसं. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला दोन अनोळखी माणसांसमोर वडिलांच्या दारूबद्दल किंवा मोडलेल्या साखरपुड्याबद्दल बोलावं लागतं, कारण गाणं त्यातूनच निघणार असतं आणि जेवायच्या वेळेपर्यंत त्याला चाल लागलेली हवी असते. खोलीत जितके जण, तितके समान वाटे असा इथला रिवाज आहे. एखादीने दोनच ओळी दिल्या तरी तिचा वाटा पूर्ण. हा रिवाज मला मनापासून आवडतो.

संध्याकाळी यातल्या अनेकजणी लोअर ब्रॉडवे या इथल्या रस्त्यावरच्या बारमध्ये गातात. साधारण चार तासांची पाळी, मानधन नाममात्र, बाकी मदार टिपवर. तिथे आलेल्या पर्यटकांना ओळखीची गाणी हवी असतात. स्वतःचं नवं गाणं सुरू केलं की लोक गप्पांकडे वळतात आणि टिपच्या बादलीत नोटा पडायच्या थांबतात. म्हणून रात्री दुसऱ्यांची गाणी गाऊन भाडं भागवायचं आणि सकाळी पुन्हा लिहायला बसायचं.

मार्चमध्ये, कराच्या हिशेबाच्या दिवसांत, त्या माझ्यासमोर बसतात, तेव्हा पिशवीतून गिटारच्या तारांच्या पावत्या निघतात, पार्किंगच्या चिठ्ठ्या निघतात, पेट्रोलची बिलं निघतात. टिप आता बरीचशी मोबाइलवरून येते, म्हणजे तीन डॉलर, पाच डॉलर अशा नोंदींची पानंच्या पानं. टेनेसीत पगारावर राज्याचा आयकर नाही, एवढं त्यांनी ऐकलेलं असतं. पण स्वतंत्र काम करणाऱ्याला सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्यविमा) यांचे दोन्ही हिस्से, मालकाचा आणि नोकराचा, स्वतःच भरावे लागतात आणि ते १५.३ टक्के होतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तो आकडा सांगायचं काम मला दर वर्षी जड जातं.

आता गाण्याचे पैसे. सीडी, रेकॉर्ड किंवा डाउनलोड विकलं गेलं की गीतकाराच्या बाजूला किती द्यायचे याचा दर अमेरिकेत कायद्याने ठरतो. १९०९ साली तो २ सेंट ठरला आणि १९७७ पर्यंत तसाच राहिला. पुढे २००६ ते २०२२ तो ९.१ सेंटवर अडकून होता. २०२५ साठी तो १२.७ सेंट होता. तिघींनी मिळून लिहिलेल्या गाण्यात एकीच्या वाट्याला चार सेंटांहून जरा जास्त येतात आणि त्यातलाही भाग प्रकाशक घेतो. प्रकाशक दर महिन्याला जे पैसे देतो, तो पगार नसतो, ती उचल असते. पुढच्या रॉयल्टीतून ती वळती होते. चार वर्षं उचल घेतली आणि एकही गाणं चाललं नाही, तर करार संपतो आणि लिहिलेली गाणी प्रकाशकाकडेच राहू शकतात. स्ट्रीमिंगची या प्रकारची रॉयल्टी २०२१ पासून एक मध्यवर्ती संस्था गोळा करून वाटते, पण गाणं नीट नोंदवलेलं नसेल तर पैसे तिथेच पडून राहतात. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी नोंदणीचं विचारते आणि मगच बाकीचे कागद बघते.

गीतकाराचं पोट खऱ्या अर्थाने भरतं ते रेडिओवर. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की त्याचे पैसे ते लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला मिळतात, गाणाऱ्याला त्या वाजण्याचे काहीच मिळत नाहीत. गाणारी मुलगी स्वतः लिहीत असेल तरच रेडिओ तिला पोसतो. म्हणून तिचं लिहिणं ही हौस नाही, तो तिचा चरितार्थ आहे.

आणि नेमकं याच दारात मुलींना अडवलं जातं. २०१५ साली कीथ हिल नावाच्या रेडिओ सल्लागाराने एका व्यवसाय-पत्रिकेत उघड सांगितलं की श्रोते टिकवायचे असतील तर गायिकांची गाणी कमी करा. सॅलडमध्ये पुरुष गायक म्हणजे पाला आणि बायका म्हणजे टोमॅटो, असा त्याचा दाखला होता. त्यावर खूप गदारोळ झाला, पण त्याने नवं काही सांगितलं नव्हतं. दोन गायिकांची गाणी लागोपाठ लावायची नाहीत, हा अनेक स्टेशनांचा जुना परिपाठ आहे. २०२० च्या जानेवारीत मिशिगनमधल्या एका स्टेशनने तो सोशल मीडियावर सहज लिहून टाकला, तेव्हा केसी मस्ग्रेव्ह्ज आणि केल्सी बॅलेरिनी या गायिकांनी जाहीरपणे त्याचा समाचार घेतला. त्याच महिन्यात सीएमटी या कंट्री संगीताच्या वाहिनीने आपल्या व्हिडिओंत बायकांना आणि पुरुषांना निम्मा-निम्मा वेळ देण्याचं जाहीर केलं. रेडिओने तसं काही केलं नाही.

स्टेशनवाले म्हणतात, श्रोत्यांना विचारून आम्ही ठरवतो. पण श्रोता पसंती देतो ती ओळखीच्या गाण्याला, आणि जे वाजवलंच नाही ते ओळखीचं होणार कसं? डिसेंबर २०१८ मध्ये बिलबोर्ड या संगीत-पत्रिकेच्या कंट्री रेडिओच्या यादीत पहिल्या वीस गाण्यांत एकही बाई नव्हती. १९९० मध्ये ती यादी सुरू झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. जेमतेम दोन महिन्यांनी केसी मस्ग्रेव्ह्जला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला, सर्व प्रकारच्या संगीतातून. कंट्री रेडिओने तिला त्या काळात जवळजवळ दूरच ठेवलं होतं.

याचा परिणाम लिहिण्याच्या खोलीपर्यंत पोचतो आणि मला तोच सगळ्यात जास्त खुपतो. रेडिओवर पुरुषच वाजणार असतील तर प्रकाशकालाही पुरुषांच्या तोंडी शोभणारी गाणी हवी असतात. मग स्वतःची गोष्ट सांगायला या शहरात आलेली मुलगी सकाळभर ट्रक, बिअर आणि खिडकीत बसलेल्या सुंदर मुलीबद्दल लिहिते. ती खिडकीतली मुलगी तिने स्वतः असायला हरकत नव्हती, पण तिच्या बाजूने लिहिलेलं गाणं घेणार कोण? तिचं नाव गीतकार म्हणून लागतं, पैसेही येतात, आणि तरी तिला जे म्हणायचं होतं ते वहीतच राहतं.

रेडिओचा दौरा हाही एक वेगळाच प्रकार आहे. पहिलं गाणं यायच्या आधी नव्या गायिकेला कित्येक आठवडे शहरोशहरी स्टेशनांवर जाऊन बैठकीच्या खोलीत चार अधिकाऱ्यांपुढे गावं लागतं, त्यांच्यासोबत जेवावं लागतं, हसावं लागतं. तिथे नको ते बोलणं आणि नको ते स्पर्श सोसल्याचं काही गायिकांनी जाहीरपणे सांगितलं आहे. लोरेटा लिन ही जुन्या पिढीतली नामवंत गायिका १९६० साली नवऱ्याबरोबर गाडीतून स्टेशन-स्टेशन हिंडून आपलं पहिलं गाणं वाजवा म्हणून विनवत होती. इतक्या वर्षांत फरक पडला तो गाडीच्या जागी विमान आल्याचा.

आपल्या वाचकांना टेलर स्विफ्ट ठाऊक आहे. ती चौदाव्या वर्षी इथल्या एका मोठ्या प्रकाशकाकडे गीतकार म्हणून लागली, शाळा सुटल्यावर लिझ रोझ या तिच्याहून बऱ्याच मोठ्या गीतकार बाईंबरोबर बसून लिहायची. पुढे एवढ्याशा मुलीने ही गाणी लिहिली यावर लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा २०१० चा अल्बम तिने दुसऱ्या कुणालाही न घेता एकटीने लिहिला. मुलग्याला अशी परीक्षा द्यावी लागल्याचं माझ्या ऐकिवात नाही. लेनी विल्सन २०११ मध्ये लुइझियानातल्या एका चिमुकल्या गावातून इथे आली आणि एका स्टुडिओच्या आवारात ट्रेलर लावून त्यात राहिली. २०२३ मध्ये तिला कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मिकी गायटन या कृष्णवर्णीय गायिकेला २०११ मध्ये मोठ्या कंपनीचा करार मिळाला आणि पहिला पूर्ण अल्बम निघायला २०२१ उजाडलं. यश मिळालेल्यांची ही कथा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुली पाच-सहा वर्षांनी गाव गाठतात किंवा नर्सिंगला प्रवेश घेतात.

डॉली पार्टन या गायिका-गीतकार बाईंचं उदाहरण मी त्यांना आवर्जून सांगते. तिचं एक गाणं एल्व्हिस प्रेस्लीला गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरने प्रकाशनाचे निम्मे हक्क मागितले. तिने नकार दिला. तेच गाणं १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने चित्रपटासाठी गायलं आणि त्याच्या रॉयल्टीने डॉलीचं घर भरलं. तिशीही न गाठलेल्या बाईने एल्व्हिसला नाही म्हणायचं म्हणजे काय धैर्य लागलं असेल!

चांगलंही काही घडतं आहे, तेही लिहायला हवं. २०१४ पासून इथल्या लिसनिंग रूम कॅफेत सोमवारी फक्त मुलींची गाणी होतात, साँग सफ्रजेट्स या नावाने. पाच मुली गिटार घेऊन रांगेत बसतात, आळीपाळीने आपलं एकेक गाणं म्हणतात. मी गेले होते त्या दिवशी कडेच्या मुलीने आईच्या दुसऱ्या लग्नावरचं गाणं म्हटलं. दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज बसला, तर शेजारच्या मुलीने, जिने ते गाणं बहुधा तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं होतं, धृपद उचलून धरलं. ब्रॉडवेवरच्या गोंगाटात असं गाणं कुणी म्हणूच शकणार नाही.

माझी विनंती साधी आहे. आकाशवाणीने आपल्याला सवय लावली होती, गाण्याआधी गीतकाराचं नाव यायचं. ‘गीत शांता शेळके’ हे कानावर पडल्याशिवाय गाणं सुरू व्हायचं नाही. भारतात गीतकारांचा रॉयल्टीचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात पक्का झाला, तेव्हा हा प्रश्न आपल्या वाचकांना परकाही नाही. आपण कंट्री गायिकेबद्दल छापाल तेव्हा गाणं कुणी लिहिलं ते छापा, तिने लिहिलं असेल तर तसं ठळक लिहा, आणि ते रेडिओवर वाजतं का, नसेल तर का नाही, हेही विचारा. नावं शोधणं कठीण नाही. अ‍ॅस्कॅप आणि बीएमआय या गीतकारांचे रेडिओचे पैसे गोळा करणाऱ्या दोन संस्थांच्या संकेतस्थळांवर गाण्याचं शीर्षक टाकलं की गीतकार आणि त्यांचे प्रकाशक विनामूल्य दिसतात.

आपली,
एक वाचक, नॅशव्हिल, टेनेसी