कानामागे दहा मिनिटं!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला नाजूक त्वचेच्या मुरुमांवरचा लेख वाचला. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा ही मंडळी नेहमीप्रमाणे हजर होतीच, त्यांच्याबद्दल आता कोणी किती बोलावं. पण ‘क्रीम कानामागे लावून दहा मिनिटं थांबा, लाल झालं नाही तर बिनधास्त वापरा’ हा सल्ला चौकट करून ठळक टाइपात दिलात, म्हणून हे पत्र.

दहा मिनिटांत फार तर चुरचुर कळते. क्रीममधल्या घटकाची ॲलर्जी वर यायला बहुधा एक ते तीन दिवस लागतात, कधी त्याहूनही जास्त. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्टच्या (ॲलर्जी तपासायच्या चाचणीच्या) पट्ट्या पाठीवर ४८ तास ठेवतात आणि काढल्यावर एकदा, मग ९६ तासांच्या सुमारास पुन्हा पाहतात, ते काही हौस म्हणून नव्हे. घरी करायचीच तर रीत अशी: कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सलग सात दिवस, तीच जागा. खाज, सूज किंवा बारीक पाणीदार पुरळ आलं तर ती वस्तू बाद.

ही रीत मॉइश्चरायझर, सनस्क्रीन अशा चेहऱ्यावर राहणाऱ्या वस्तूंची. फेसवॉशला ती लावू नये. धुऊन टाकायची वस्तू आठवडाभर कातडीवर ठेवली तर कुणाचीही कातडी लाल होईल. बेंझॉइल पेरॉक्साइड आणि ॲडापॅलीन या मुरुमांवर लावायच्या औषधांचंही तसंच. कोपराच्या घडीत ती ॲलर्जी नसतानाही भाजतात आणि चांगलं औषध उगाच बदनाम होतं. त्यांची चाचणी मुरुमांच्या एक-दोन छोट्या जागांवरच, तीन दिवस घ्यावी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड आणि सॅलिसिलिक ॲसिडच्या बिनचिठ्ठीच्या औषधांबाबत हेच सांगितलं होतं. ओठ-पापण्या सुजल्या, घसा आवळला, श्वास अडला तर मात्र वाट पाहायची नाही, थेट दवाखाना गाठायचा.

लेखिकेने दाह आणि ॲलर्जी एकाच पोत्यात भरली आहे. लावल्या लावल्या आग होते, कातडी कोरडी पडून पापुद्रे निघतात, आणि हे सगळं लावलं तेवढ्याच जागेत राहतं, तो बहुधा दाह. तिथे मात्रा कमी करायची, औषध टाकून द्यायचं नाही. ॲलर्जीत खाज पुढे असते, पापण्या सुजतात, पुरळ लावल्या जागेबाहेर पसरतं. तिथे मात्रा कितीही कमी केली तरी उपयोग नाही, तो घटक कायमचा सोडावा लागतो.

बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांचं घ्या. दहा टक्क्यांच्या जेलचा गुण जवळपास तेवढाच, आग मात्र जास्त. सुरुवातीला पाच मिनिटं लावून धुऊन टाकलं तरी चालतं. (उशीचा अभ्रा पांढरा वापरा, रंगीत असेल तर या औषधाने त्याचा रंग उडून डाग पडतील.) ॲडापॅलीन ०.१ टक्का: रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. ते नुसतं मुरुमावर टिपत बसायचं औषध नव्हे. नाजूक कातडीला आधी मॉइश्चरायझर, मग ॲडापॅलीन, वर पुन्हा मॉइश्चरायझर, आणि पहिले काही आठवडे एक किंवा दोन रात्री सोडून. या काळात सोलपटं निघतात, मुरुमं थोडी वाढल्यासारखीही वाटतात. लोक नेमकं तेव्हाच सोडतात, आणि फरक दिसतो आठ ते बारा आठवड्यांनी. गरोदरपणात ॲडापॅलीन नको; तिथे ॲझेलाइक ॲसिड बरं. ते एरवीही नाजूक कातडीला मानवतं आणि मागे राहिलेले काळे डागही फिके करतं, फक्त सुरुवातीला टोचल्यासारखं होतं.

‘नैसर्गिक म्हणून सुरक्षित’ हे वाक्यही लेखात आहेच. मुरुमांवर लावतात त्या टी ट्री या वनस्पतीच्या तेलाची बाटली उघडी-जुनी झाली की त्यातले घटक हवेने बदलतात आणि ॲलर्जी देण्यात ते ताज्या तेलाहून वरचढ ठरतात. सुगंधी द्रव्यं तर ॲलर्जीच्या यादीत कायम वरच्या नंबरात. घरात सापडलेलं निओमायसिन या अँटिबायोटिकचं मलम मुरुमावर चोपडायची सवयही तशीच, तोही ॲलर्जी देणारा ओळखीचा घटक आहे. आणि कपाळावर एकाच आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या असतील तर ती मुरुमं नसून बुरशीचा प्रकारही असू शकतो. त्याला मुरुमांची अँटिबायोटिक्स देत राहिलं तर तो वाढतो.

जाता जाता, लेखात ज्याचा उल्लेखही नाही ते. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे ‘मुरुमं आणि डाग, दोन्हीवर’ म्हणून जी ट्यूब हातात मिळते, तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. मार्च २०१८ मध्ये केंद्राने अशी १४ स्टेरॉइड्स लावायच्या रूपातही अनुसूची एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. कागदावर. स्टेरॉइडने दोन दिवसांत लाली उतरते, गोरेपणही येतं, म्हणून माणूस खूश. पुढे कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, स्टेरॉइडचीच मुरुमं येतात आणि ट्यूब बंद केली की चेहरा पेटतो. शिवाय ते लावलेल्या जागी नव्या क्रीमची चाचणी घेतली तर ॲलर्जी दबून राहते आणि चाचणी खोटीच पास होते.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा, हवं तर मोबाइलवर फोटो काढून मोठी करा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव असेल तर ती ट्यूब मुरुमांची नव्हे. महिनोन्महिने लावत असाल तर ती फेकून देऊन मोकळे होऊ नका. ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माता, मिरज