ढोल मधोमध ठेव

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आपल्या गावच्या शाळेची वीस मुलं जानेवारीत दोन दिवसांसाठी तुमच्या मेळघाटातल्या आश्रमशाळेत मुक्कामी यायची ठरली, हे वाचून फार बरं वाटलं. पण सोबतची कार्यक्रमपत्रिका काही मला पटली नाही. कोरकू मुलांचा नाच दहा मिनिटं, गोंड मुलांचा दहा मिनिटं, मग आपल्या पोट्ट्यांचं लेझीम आणि खंजिरी भजन, शेवटी आभार. यात एक गट नाचतो आणि बाकीचे पाहत बसतात. टाळ्या पडतील, फोटो निघतील, आणि रात्री पंगतीत जो तो आपल्याच गावच्या पोरांजवळ बसेल. मुलं एकमेकांत मिसळावीत असं तुला वाटत असेल, तर पहिल्या संध्याकाळी मंच वापरूच नको. मैदानात एकच फेर धर, आणि आपल्या मुलांना कोरकू मुलांकडून त्यांची पावलं शिकू दे.

तुमच्या त्या मैदानात कोण कोण भेटणार आहे, ते बघ. आपली मराठी आर्य भाषाकुळातली, गोंडी द्रविड कुळातली आणि कोरकू मुंडा कुळातली. म्हणजे कोरकूचं नातं आपल्याशी नाही, थेट झारखंडातल्या मुंडारी आणि संथाळीशी आहे. कोरकू लोक आपल्या नाचाला गदली सुसून म्हणतात ना, त्यातला सुसून म्हणजे नाच. मुंडारीतही नाचाला सुसुनच म्हणतात. मधे शेकडो कोस आणि कितीतरी पिढ्या गेल्या, पण शब्द टिकला. मुंडारीत एक म्हण आहे: सेनगे सुसुन, काजीगे दुरंग. चालणं हाच नाच, बोलणं हेच गाणं. तू शिकवायची सुरुवात इथूनच कर.

म्हणजे पहिली आठ-दहा मिनिटं पावलं शिकवायचीच नाहीत. ढोल सुरू करायचा आणि सगळ्यांनी ठोक्यावर नुसतं गोल चालायचं. ठोका मिनिटाला ऐंशीच्या आसपास ठेव. घड्याळ लावून पंधरा सेकंदांत वीस ठोके मोजले की झालं. चाळीस जोडी पाय एकदम पडायला लागले की जमिनीतून आवाज येतो, तो मुलांना स्वतःलाच ऐकू येतो. तो येईपर्यंत पुढे जायचं नाही. मग तीन पावलं टाकून चौथ्याला पाय नुसता टेकवायचा. एवढं बसलं की खरी पावलं तुमच्या कोरकू मुलींना दाखवू दे. फेर कोणत्या अंगाला फिरतो, पोरंपोरी एका ओळीत नाचतात की वेगळ्या, हात कसे धरतात, हे तू ठरवू नको. पाड्यावरच्या जाणत्या बाईला आधी विचार आणि ती सांगेल तसंच कर.

उभं करताना एक कोरकू, एक आपला, असं एकाआड एक. नवशिक्याला ओळीच्या टोकाला कधी ठेवू नको. फेर अर्धा असला, म्हणजे ओळ नुसती वळत असली, तर टोकावरच्याला सगळ्यात जास्त पळावं लागतं. तो चुकतो, लाजतो आणि पाणी प्यायच्या निमित्ताने निघून जातो. दोन्ही बाजूंना जाणकार असला की पाय चुकला तरी हात त्याला ओढून नेतात. दोन नवशिके शेजारी आले की मात्र दोघंही खाली पायांकडे पाहतात आणि तिथेच फेर तुटतो.

जागेचं गणित सोपं आहे. हात धरून उभ्या मुलाला साधारण ६० सेंटिमीटर लागतात, म्हणजे चाळीस मुलांना २४ मीटरचा घेर. खुंटीला चार मीटर दोरी बांध आणि फक्कीने गोल आख. मुलं अनवाणी नाचतील, म्हणून आदल्या दिवशी सराटे आणि खडे वेचून घे, दुपारी पाणी शिंपड. चिखल नको, फक्त धूळ बसली पाहिजे.

ढोल आणि बासरी खुंटीच्या जागी, बरोबर मधे. स्पीकरचा बॉक्स लावू नको, हे मी आग्रहाने सांगतो. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. एका बाजूला बॉक्स आणि समोर वीस मीटरवर वर्गांची भिंत असली, तर भिंतीवरून परतलेला ठोका जवळजवळ सेकंदाच्या आठव्या हिश्श्याने उशिरा येतो. मग अर्धी मुलं पहिल्या ठोक्यावर पाय टाकतात आणि अर्धी दुसऱ्यावर. सरांना वाटतं पोरं बेताल आहेत. पोरांचं काही चुकत नाही, ती ऐकू येतं त्यावर बरोबरच नाचत असतात.

लय पळते, हा सगळ्यात मोठा धोका. ढोलवाल्याला जोश येतो, बघता बघता ऐंशीचे एकशे तीस होतात, आणि चौथी-पाचवीतली लेकरं बाहेर पडतात. ढोलवाल्याला एकच सांग, सगळ्यात लहान पोराच्या पायाकडे बघून वाजव. शेवटी एकशे दहापर्यंत चढवायला हरकत नाही. दमछाक थोडी झालीच पाहिजे. २०१५ साली ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी ब्राझीलमधल्या हायस्कूलच्या मुलांवर हे तपासलं होतं. एकाच तालात सारख्या हालचाली केल्याने मुलांना एकमेकांविषयी जवळीक वाटली आणि त्यांची दुखणं सोसायची ताकदही वाढली. अंगमेहनतीचा नाच केल्यानेही तसंच झालं. म्हणून गाणं एक आणि प्रत्येकाचं नाचणं वेगळं, असं नको. पाऊल एकच हवं.

गाण्याच्या दोनच ओळी शिकवायच्या. तुमच्या वर्गात मराठी बोलताना अडखळणारं एखादं पोरगं असेल, त्याला पुढे कर. तो ओळ सांगेल, बाकीचे झीलकरी, म्हणजे मागून तीच ओळ म्हणणारे. अर्थही त्यालाच सांगू दे, चुकलेले उच्चार त्यालाच सुधारू दे. आपली पोट्टी चुकतील, तो हसेल, पुन्हा सांगेल, आणि या कामासाठी त्याला मराठी बोलावीच लागेल. फक्त गाणं कोणतं, ते पाड्यावर विचारून घे. सिडोलीची गाणी मेलेल्या माणसांसाठी असतात, ती संमेलनात आणायची नाहीत.

खंजिरी दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तेव्हा गुरुजी आपली मुलं. खंजिरीवर भजन म्हणणारे तुकडोजी महाराज १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले होते. तिथल्या लोकांना आपलं भजन कुठून कळणार? पण एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी झेलायचं, हे कोणालाही कळतं. कोरकू मुलांना आधी भजन नको, आधी टाळीवर आठ मात्रा दे: धा गे ना ति न क धिं ना. पहिल्या मात्रेला टाळी, पाचवीला हात उघडा. मग खंजिरी डाव्या हातात, आणि उजव्या हाताची बोटं काठाजवळ मारायची, मधोमध नाही. मधे मारली की आवाज बसतो आणि मूल अजून जोरात मारतं.

आठ खंजिऱ्या मिळाल्या तरी बासरीसोबत दोनच वाजव, नाहीतर बासरी कोणालाच ऐकू येणार नाही. आणि पेटी बासरीजवळ आणू नको. गावात केलेल्या बासरीची भोकं पेटीच्या सुरांना मोजून पाडलेली नसतात. दोन्ही एकदम वाजले की बासरीवाल्या म्हाताऱ्यालाच लोक बेसूर म्हणतील, आणि त्याचा तो अपमान होईल. भजनाला पेटी घे, मुलांसाठी काळी चारचा, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा सूर धर.

मेळघाटात जानेवारीत रात्री दव पडतं, त्याने चामडं सैल होतं. खंजिरी शेकोटीपासून हात-दीड हातावर धरून फिरवत शेकायची. जाळाशी नेली तर काठाला तडकते. चामड्याऐवजी फायबरचं पान ताणलेली खंजिरी दवाने उतरत नाही, पण तिचा आवाज टोचतो.

अजून एक. भाड्याचे पिसांचे मुकुट आणि पानांचे घागरे आणू नको. कोरकू पोरी सणाला जे लुगडं नेसतात तेच नेसू दे, आणि आपल्या पोरींना हौस असेल तर त्यांनी तसंच नेसायला शिकावं. तिथल्या लेकरांना त्यांच्याच घरात सोंग घ्यायला लावणं मला सहन होत नाही.

दोन खंजिऱ्या आणि एक ढोलकी मी एसटीने मुलांसोबत पाठवतो. ढोलकीच्या कड्या सैल करून ठेवल्या आहेत, पोचल्यावर आवळून घे. तुमच्याकडच्या ढोलाचं तोंड किती इंचाचं आहे ते मोजून कळव. ढोल आवळायची चामड्याची वादी जुनी झाली असेल तर नवीही त्याच पिशवीत घालतो.

तुझी आई ठीक आहे. थंडीत जपून राहा.

तुझे,
बाबा