तुझ्या ताटात पाहणार नाही, म्हणालो होतो

अमळनेर
बुधवार, रात्र

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट पाहून हसशील. फोन असताना आप्पांना चार पानं खरडायची काय गरज होती? पण फोनवर माझं कसं होतं ते तुला माहीत आहे. दोन वाक्यं इकडची-तिकडची, तिसऱ्या वाक्याला 'जेवलीस का'. मग तू 'हो आप्पा' म्हणतेस आणि ठेवून देतेस. आम्ही पुण्याहून निघताना तू दारात म्हणालीस, "तुम्ही माझ्या ताटात पाहू नका." बरं. नाही पाहणार. आईलाही बजावलंय. तेव्हा या पत्रात तो विषय नाही.

इकडे पाऊस बरा आहे. बोरी नदीला पाणी आलं. कपाशी गुडघ्याला लागली. धुळ्याचे काका येऊन गेले, त्यांचं जुनंच रडगाणं. भाऊच्या प्रकाराबद्दल आई तुझ्याशी वेगळं बोलणार आहे, मी त्यात पडत नाही. मोठी माय ठणठणीत. रोज संध्याकाळी ओट्यावर बसते आणि मी फोन ठेवला की विचारते, "पोर जेवनी का?" बघ, मी नाही, ती विचारते.

त्या रात्री 11 वाजून 20 मिनिटांनी तुझ्या मैत्रिणीचा फोन आला. "काका, घाबरू नका, पण ती जिन्यात चक्कर येऊन पडली." घाबरू नका म्हटलं की माणूस पहिलं तेच करतो. मी गाडी सांगायला गेलो आणि परत येऊन पाहतो तर आई तव्यापाशी. दशम्या करत होती. रात्री बारा वाजता, अंगावर घरचीच साडी, डोळ्यांतून पाणी, आणि हात दुधात भिजवलेल्या कणकेत. मी ओरडलो. ती म्हणाली, "रिकाम्या हाताने जाऊ का तिच्याकडे?" दवाखान्यात तुला सलाईन लावलेलं होतं. दशम्यांचा डबा दोन दिवस खिडकीत पडून होता, शेवटी आम्हीच येताना गाडीत खाल्ल्या.

हिमोग्लोबिन 8.9. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शेवटचं पोटभर कधी जेवलीस? तू छताकडे पाहिलंस. मग मोबाइल उघडून त्यांना तुझी नोंद दाखवलीस. सोमवार 780 कॅलरी, मंगळवार 810, बुधवार 760. नऊ आठवड्यांत एक दिवस चुकवलेला नाही, वर आलेख काढलेला. खरं सांगू? क्षणभर मला अभिमान वाटला. प्रयोगवही अशीच लिहायची असते. दुसऱ्या क्षणी पोटात खड्डा पडला, कारण त्या वहीतला उंदीर माझी मुलगी होती.

तू चूक होतीस असं माझं म्हणणं नाही, हे आधी लिहितो, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. 160 सेंटिमीटर उंचीला 71 किलो म्हणजे बीएमआय 27.7. आपल्या लोकांना 23 च्या वर जादा आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरतात, कारण आपली चरबी पोटावर आधी बसते. त्यात बाप मधुमेही. वजन उतरवायचं तुझ्या मनात आलं ते शहाणपणाचंच. पण नऊ आठवड्यांत 9 किलो? तू नुसती अंथरुणात पडून राहिलीस तरी श्वासाला, काळजाच्या ठोक्याला, मेंदूला मिळून दिवसाला 1300 च्या आसपास कॅलरी लागतात. हा तुझ्या वयाचा, उंचीचा, आताच्या 62 किलोचा हिशोब आहे, मी सूत्राने काढला. तू घालत होतीस 800. उरलेलं शरीर कुठून आणतं? चरबी मोडतं, ते ठीक. पण स्नायूही मोडतं, आणि सुरुवातीचे दोन-तीन किलो तर बरंचसं पाणी असतं. काट्यावर सगळं सारखंच दिसतं. 800 च्या खालचं खाणं डॉक्टरच्या देखरेखीशिवाय करायचंच नसतं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की वजन उतरवतानाही दिवसाला 1000 च्या खाली जाऊ नये, आणि आठवड्याला अर्धा किलो ही सुरक्षित चाल. अजून एक, केस आता गळत नसतील तर दोन-तीन महिन्यांनी गळतील, तेव्हा घाबरून तेलं बदलत बसू नकोस. उपासमारीचं बिल केस उशिरा पाठवतात. पाळीचं आईला सांग, मला नको सांगूस, पण सांग.

हे बघ, झालं सुरू माझं. फळ्यापुढे उभा राहिल्यासारखं. 34 वर्षांची खोड आहे, माफ कर.

तुला आठवीतला शेंगदाण्याचा प्रयोग आठवतो? टाचणीवर शेंगदाणा टोचून पेटवायचा आणि वर परीक्षानळीत 20 मिलिलिटर पाणी धरायचं. मुलांना आधी खरंच वाटायचं नाही की शेंगदाणा दिव्यासारखा जळतो. पिवळी ज्योत, काळा धूर, नळीच्या बुडाला काजळी, आणि सगळ्या वर्गाला भूक लागेल असा खमंग वास. पाणी 28 अंशांवरून 66 वर गेलं. मी फळ्यावर हिशोब मांडला. अर्ध्या ग्रॅमच्या शेंगदाण्यात पावणेतीन किलोकॅलरी, म्हणजे त्या मानाने पाणी उकळून आटायला लागायला हवं होतं. तू हात वर केलास. शाळेत तू मला सर म्हणायचीस, घरी आप्पा, आणि कधी गल्लत केली नाहीस. "सर, मग बाकीची उष्णता कुठे गेली?" वर्गात गेली, नळीच्या काचेत गेली, धुरात गेली. मी तेव्हा तुला शाबासकी दिली नाही, आपली मुलगी म्हणून लोक काय म्हणतील या धाकाने. आज देतो.

आणि आज तोच प्रश्न तुला विचारतो. तुझ्या मोबाइलातल्या आकड्यांचं बाकीचं कुठे जातं? ग्रॅमला पिठाच्या 4, प्रथिनांच्या 4, तेलाच्या 9 कॅलरी, हे आकडे अमेरिकेत ॲटवॉटरने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बसवले, आणि ते सरासरीचे आहेत. तुझ्या यादीत मी पाहिलं (हो, पाहिलं, तू झोपली होतीस), 'भाकरी, 1 नग, 120'. कोणाची भाकरी? मी परवा स्वयंपाकघरातला काटा आणला. आईची सकाळची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी 85 ग्रॅम पिठाची निघाली, म्हणजे 280 च्या पुढे. संध्याकाळची, उभं राहून कंटाळली होती म्हणून मोठी थापलेली, 110 ग्रॅमची. मोठ्या मायची 70. आई म्हणाली, "35 वर्षं खाल्लीत, आता वजन करता?" दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

मोजू नको असं मी म्हणत नाही. मोजल्यानेच माझे डोळे उघडले. 2014 ला साखर निघाली तेव्हा मी चार दिवस कारल्याचा रस प्यालो, भात सोडला, पाचव्या दिवशी शेवभाजीवर तुटून पडलो. तुला आठवत असेल, तर्री सांडलेला तो पांढरा शर्ट. मग एकदा पहिल्या तारखेला तेलाचा डबा फोडला त्यावर तारीख घातली. तीन माणसांत महिन्याला 4 लिटर. म्हणजे माणशी रोज 44 मिलिलिटर, साडेतीनशेच्या वर कॅलरी नुसत्या तेलाच्या, ज्या ताटात दिसतसुद्धा नाहीत. आपण वांग्याला नावं ठेवत होतो! भरिताच्या वांग्यात काय असतं, शंभर ग्रॅमला 25 कॅलरी. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेलं वांगं निष्पाप असतं, वरून ओततो ते आपण. आपलं गाव तरी काय, 1945 पासून वनस्पती तुपाचं. तू ज्या धंद्यात पोट भरतेस त्यातली विप्रो इथे तूपच बनवत सुरू झाली.

तर आम्ही महिन्याचं तेल 2 लिटरवर आणलं. एकदम नाही, सात-आठ महिने लागले. चहातली साखर दोन चमच्यांवरून एक, मग अर्धा, मग एक दिवस विसरलो आणि कळलंही नाही. भाकरी दोनच्या दीड, भाजीची वाटी एकाच्या दोन. शेवभाजी सोडली नाही. रविवारी असते, शेव मात्र वाटीत काढून, पुडा ताटाशेजारी घेऊन नाही. चौदा महिन्यांत 6 किलो गेले. कागदावरच्या हिशोबाने दहा जायला हवे होते. बाकीचे कुठे गेले? लग्नाकार्यांत गेले, वरण-बट्टीवरच्या तुपात गेले. पण ते 6 परत आले नाहीत. मला चक्करही आली नाही. तुझ्यापुढे बढाई मारतोय असं वाटेल. थोडी मारतोयच.

तू म्हणशील, तुमच्या वेळी वजनाची भानगड नव्हती. नव्हतीच. 72 च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा. मोठी माय खडी फोडायला जायची, पदराला बांधून सुकडी आणायची. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापली की तडकायची. ती आम्हा तिघांना वाढायची आणि स्वतः म्हणायची, माझं झालं. खूप उशिरा मला कळलं की तिचं झालेलं नसायचं. दवाखान्यात तू तसंच म्हणालीस, त्याच सुरात. नर्सने पेज आणली आणि तू म्हणालीस, "माझं झालंय." म्हणून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. तुला वाटलं रागावलो.

आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो. रात्र बरीच झाली आहे, नाहीतर तेही राहील.

मे महिन्यातलं चोपड्याचं लग्न. पंगतीत तू बट्टी दुसऱ्यांदा घेतलीस. आत्याच्या सासरचे लोक समोर बसलेले. मी म्हणालो, "हिला सासरी पाठवायला ट्रॅक्टर सांगावा लागेल." सगळे हसले. तूही हसलीस. बट्टी मोडून ठेवलेली होती, वरण ओतलेलं होतं, ती तू खाल्ली नाहीस. ताटात तशीच राहिली. मला ते ताट दिसतंय. तेव्हाही दिसलं होतं, मी वाढप्याला काहीतरी सांगत होतो. तुझी नोंद कोणत्या तारखेला सुरू झाली ते मी मोबाइलात पाहिलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी.

त्याला मी काय म्हणू. चुकलो, पोरी. पुढे जुलैत तू बारीक झालीस म्हणून फोटो दाखवत कट्ट्यावर मीच मिरवलो, तेही चुकलो. तू म्हणतेस ताटात पाहू नका, ते बरोबर आहे. मी पाहिलं तेव्हा वाकड्या डोळ्यानेच पाहिलं.

डॉक्टरांनी आहारतज्ज्ञांचं नाव दिलंय, त्यांना एकदा भेट. 1500 म्हणाल्या तर 1500. मी मध्ये बोलणार नाही. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नकोस, चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घे. सकाळी रिकाम्या पोटी ऑफिसला जाऊ नकोस, निदान एक केळं. शंभर कॅलरीच्या आसपासच असतं, आणि जळगाव जिल्ह्याच्या मुलीने केळ्याला भ्यावं म्हणजे

पुन्हा सुरू झालं. थांबतो.

पार्सल गाडीने पाठवतोय. कळण्याचं पीठ, बिबडे, ठेचा. ठेच्यात तेल मी स्वतः चमच्याने मोजून घातलंय. आईने खाली लाडू ठेवलेत, ते मला माहीत नाही असं समज.

येत्या रविवारी घरी कानबाई देवी बसते. सुट्टी मिळाली तर ये, नाही मिळाली तर नाही. काल तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजायला घेतले. आपल्याकडे घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ, ते तुला माहीत आहेच. माझी झाली, भाऊची झाली. मोठ्या मायने पुन्हा पोत्यात हात घातला. आई म्हणाली, झाले ना सगळे? ती म्हणाली, "तिना बी वाटा शे," आणि भरली मूठ सुपात टाकली, मग वरची पाव. तिची मूठ आता बरीच लहान झाली आहे.

रोट बाहेरच्यांना देत नाहीत, घरच्यांनीच संपवायचे असतात. तुझा किती असेल याचं वजन मी केलेलं नाही. काट्याचे सेल काढून ठेवलेत.

तुझे,
आप्पा

ता. क. पार्सल शुक्रवारी सकाळी पोचेल. तुझ्या मैत्रिणीलाही लाडू दे, ती त्या रात्री जेवली नव्हती.