मावशी, तुम्ही "नाही" म्हणालात त्याबद्दलसुद्धा थँक्यू

प्रिय मावशी,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय" म्हणता आणि विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता ऐकून घ्यावंच लागेल.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. माझे सासरे ब्लॅक अमेरिकन, मूळचे व्हर्जिनियाच्या ईस्टर्न शोअरचे, चेसापीक बेच्या पलीकडची ती चिंचोळी पट्टी. त्यांची आजी कायम म्हणायची की आपण कुणाचे गुलाम नव्हतो, निदान आपलं हे घर तरी नव्हतं, आणि घरातली पोरं हसायची. मावशी रिचमंडच्या, लायब्ररीतून रिटायर झालेल्या, ओळखीतून ओळख निघाली आणि मी घाबरत घाबरत विचारलं. तर मावशी म्हणाल्या, आजी म्हणतात ना, मग आधी ते खरं धरून शोधू, खोटं असेल तर कागद सांगेल.

मावशी, तुम्ही आम्हाला आधी 1850 च्या जनगणनेवर बसवलंत. कारण घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव तेव्हा पहिल्यांदा लिहिलं गेलं, गुलामांची यादी वेगळी, तिच्यात मालकाचं नाव आणि त्याखाली फक्त वय, लिंग, रंग. म्हणजे पहिल्या यादीत नाव सापडलं तर माणूस तेव्हा नक्की स्वतंत्र. आणि सापडलं की हो, अख्खं घर, तान्ह्या पोरासकट! सासरे स्क्रीनकडे बघत बसले आणि मग आजीला हसणाऱ्या चुलतभावाला त्यांनी लगेच फोन लावला, रात्र झाली होती तरी.

त्याच्या मागे गेलं की अंधार. सुरुवातीच्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं आणि अशा घरांतली माणसं "इतर सर्व स्वतंत्र व्यक्ती" या रकान्यात नुसता आकडा होऊन बसलेली. तिथे मी सोडून देणार होते, तुम्ही रजिस्टर काढलंत. 1793 पासून व्हर्जिनियात स्वतंत्र काळ्या आणि मिश्रवर्णी लोकांना सरकारी क्लार्ककडे नाव नोंदवावं लागायचं, जवळ कागद नसेल तर हाल. त्या रजिस्टरमध्ये आमच्या पणजी-खापरपणजीतल्या कुणाची तरी नोंद आहे: उंची, रंग, डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग, आणि पुढे दोनच शब्द, "जन्मतः स्वतंत्र". त्या डागाचं माझ्या नणंदेला फार लागलं, म्हणाली हिचा फोटो नाही पण हात दिसतोय. मला मात्र राग आला, माणसाची नोंद करताय की गुराची?

पण खरी चावी तुम्ही पुढे दिलीत, बाप शोधू नकोस, आई शोध. आपल्याकडे नाशिकला गुरुजींच्या चोपड्यांत बाप-आजा-पणजा अशी सरळ रांग मिळते, इथे उलटं, कारण 1662 च्या कायद्याने मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरायचं. तिथपासून सगळं उलगडत गेलं. 1691 चा कायदा तुम्ही मला फोनवर वाचून दाखवलात तो मी विसरणार नाही: गोऱ्या बाईला काळ्या किंवा मिश्रवर्णी पुरुषापासून लग्नाबाहेर मूल झालं तर 15 पौंड दंड, नाही भरला तर तिला पाच वर्षं कामाला विकायचं, आणि मूल चर्च वॉर्डनांनी वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत कुणाकडे तरी कामाला बांधून द्यायचं. दंडाचे तीन हिस्से, एक राजाराणीचा, एक पॅरिशचा म्हणजे गावच्या चर्चच्या हद्दीचा, एक चुगली करणाऱ्याचा! म्हणजे चुगलीला सरकारी कमिशन. आणि त्या चुगल्यांमुळेच कोर्टाच्या वहीत आमच्या घरातली सगळ्यात जुनी बाई सापडली, एक गोरी नोकराणी, कोर्टासमोर उभी केलेली. नाव घरचं आहे म्हणून इथे टाकत नाही.

टॅक्सचंही तसंच. स्वतंत्र गोऱ्या बायकांवर डोईपट्टी नव्हती, पण 1668 पासून स्वतंत्र काळ्या बायकांवर होती, आणि ती 1769 पर्यंत चालली. अन्याय तो अन्यायच, पण त्या यादीत आमच्या बायका नावानिशी आहेत.

आता त्या "नाही"बद्दल. ईस्टर्न शोअर म्हटलं की सगळ्यांना अँथनी जॉन्सनचे वंशज व्हायचं असतं, तो आफ्रिकन माणूस, 1621 मध्ये व्हर्जिनियात "अँटोनिओ" म्हणून आणलेला, पुढे स्वतंत्र झाला, 250 एकर जमीन मिळवली, आणि नातवाने मेरीलँडमधल्या आपल्या जमिनीला "अंगोला" नाव दिलं. सासऱ्यांनाही तो हवा होता. आणि मला तर त्याहून भारी काहीतरी हवं होतं, कारण 1635 च्या व्हर्जिनियाच्या कागदांत "टोनी, ईस्ट इंडियन" असा माणूस आहे हे वाचल्यावर माझ्या डोक्यात लगेच कोकणातला खलाशी, गलबत, सगळा सिनेमा सुरू झाला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "शेऱ्यावरून गाव ठरत नाही, आणि तुमच्या घरापर्यंत त्याचा एकही कागद येत नाही." जॉन्सनचंही तेच. मग तिथल्याच ड्रिगस या स्वतंत्र काळ्या घराण्याचं उदाहरण दिलंत, रॉड्रिग्झचं ड्रिगस आणि पुढे ड्रिगर्स झालेलं, कारण क्लार्क कानाला येईल तसं लिहायचा, तरी लोकांनी ते घर स्पेलिंगवरून नाही तर जनावरांच्या नोंदी, करार, मुलांना कामाला बांधून दिल्याच्या नोंदी हे सगळं एकमेकांना लावून जोडलं. तेव्हा वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू, पण आज आमच्या झाडात जेवढी नावं आहेत त्या प्रत्येकाखाली कागद आहे. तुम्ही लाडाने हो म्हटलं असतंत तर पुढची पोरं तेच खरं मानून बसली असती.

ईस्टर्न शोअरवरच्या ईस्टव्हिलच्या कोर्टात 1632 पासूनच्या सलग वह्या आहेत हे कळल्यावर सासऱ्यांनी तिथे जायचा धोशाच लावला होता. तुम्ही गुडघे दुखत असताना सोबत आलात, पूल ओलांडताना त्यांना तुमचा रेडिओ लावू दिलात, आणि वही समोर आली तेव्हा ते पान तुम्ही स्वतः न उलटता त्यांना उलटू दिलंत. त्यांनी हे मला दोनदा सांगितलंय, आणि ते फारसं काही सांगणारे नाहीत.

आता उन्हाळ्यात फॅमिली रियुनियन आहे आणि तुम्हाला यायचंच आहे, हा सासऱ्यांचा हुकूम. सगळं बार्बेक्यू असतं, तुमच्यासाठी भाजी-भाकरी मी घेऊन येते, आणि तो फोन आलेला चुलतभाऊ तुमच्या शेजारी बसायला आत्तापासून जागा मागतोय, त्याला त्याच्या आईकडची बाजू शोधायची आहे. तयारीत या!

तुमचीच,
न्यू जर्सीची भाची