आचाऱ्याचं नाव राहिलं

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत बीटल्सच्या 'फ्री ॲज अ बर्ड'वर अख्खं पान आलं, वाचून बरं वाटलं, पण पूर्ण पानात ते गाणं ध्वनिमुद्रणात घडवणाऱ्या प्रोड्युसरचं, जेफ लिनचं, नाव एकदाही नाही म्हणजे पंगत जेवून उठली आणि आचारी कोण ते कोणी विचारलंच नाही असं झालं.

ते गाणं म्हणजे काय होतं हो मुळात? जॉन लेननने 1977 च्या सुमारास घरी पियानोवर बसून साध्या कॅसेटवर गुणगुणलेलं, अर्धवट. आवाज आणि पियानो एकाच ट्रॅकवर, म्हणजे आवाज वाढवायला जावं तर पियानोपण वाढतो. त्यात लय कुठे पळते कुठे रेंगाळते, कारण माणूस एकटा स्वतःसाठी वाजवत होता. जॉन गेल्यावर 1994 ला उरलेले तिघं बीटल्स इंग्लंडात ससेक्समध्ये पॉल मॅकार्टनीच्या स्टुडिओत जमले, त्यांचे जुने प्रोड्युसर जॉर्ज मार्टिन नव्हते कारण त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं, आणि जॉर्ज हॅरिसनने हट्ट धरला की लिनच हवा. मेलेल्या मित्राचा आवाज ठेक्यात आणून बसवायचा आणि वर बाकी तिघांचं वाजवणं चढवायचं, आणि ऐकणाऱ्याला टाका दिसता कामा नये. हे काम ज्याने केलं त्याचं नाव तुम्ही खाल्लं.

मला हे नाव सापडलं त्याचीपण एक गंमत आहे. 1990 च्या आसपास मामेभाऊ दुबईहून तीन कॅसेट घेऊन आला होता, हॅरिसनची 'क्लाउड नाइन', टॉम पेटीची 'फुल मून फीव्हर' आणि ट्रॅव्हलिंग विल्बरीज या बँडची पहिली. आत घडी घालून ठेवलेला तो कागद असायचा ना, मुंगीएवढी अक्षरं, तो मी आजोबांचं भिंग घेऊन वाचायचो. पहिल्या दोन्हींवर प्रोड्युसरमध्ये जेफ लिन, आणि विल्बरीजवर तोच, 'ओटिस विल्बरी' या टोपणनावाने. आधी वाटलं छपाईची चूक असेल. मग कान देऊन ऐकलं तर ड्रमचा आवाज तिन्हीत तोच, सुका, अजिबात घुमत नाही, कानाशी कोणी टेबलावर थाप मारावी तसा, आणि खाली ॲकूस्टिक गिटारचे थरावर थर. लोक नावं ठेवतात की लिनने हात लावला की सगळंच त्याच्या स्वतःच्या ईएलओ बँडसारखं वाजतं. खरंय ते. माझ्या मते 'फ्री ॲज अ बर्ड'पण थोडं तसंच वाजतं. पण एका हाताची आमटी ओळखू येते म्हणून आपण तिला वाईट म्हणतो का?

ईएलओ म्हणजे इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा. बर्मिंगहॅमचा हा पोरगा लिन (जन्म 1947) रॉय वुडबरोबर 'द मूव्ह' या बँडमध्ये होता, दोघांच्या डोक्यात आलं की रॉक बँडमध्ये चेलो आणि व्हायोलिन का नको. पहिला अल्बम 1971 ला आला, पुढच्याच वर्षी वुड निघून गेला आणि बँड याच्या गळ्यात पडला. तिथून 1986 पर्यंत लिहिणं, गाणं, गिटार, प्रोड्युसिंग सगळं हाच. 1977 च्या 'आउट ऑफ द ब्लू'साठी स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातल्या घरात जाऊन बसला तर दोन आठवडे नुसता पाऊस आणि धुकं, काही सुचेना, आणि एक दिवस लख्ख ऊन पडलं तेव्हा 'मिस्टर ब्लू स्काय' आलं. जुलैत आठवडाभर कपडे न वाळलेल्या डोंबिवलीकराला हे गाणं समजावून सांगावं लागत नाही.

विल्बरीजचा किस्सा तर तुमच्या पुरवणीत वेगळा छापा. हॅरिसनला एका सिंगलच्या (एका गाण्याच्या छोट्या रेकॉर्डच्या) मागच्या बाजूला टाकायला एक जास्तीचं गाणं हवं होतं, म्हणून लिन, रॉय ऑर्बिसन, पेटी असे सगळे बॉब डिलनच्या गॅरेजमध्ये जमले. तिथे पडलेल्या एका खोक्यावर 'हँडल विथ केअर' लिहिलेलं होतं, तेच गाण्याचं नाव झालं आणि त्यातूनच पूर्ण बँड उभा राहिला. अल्बम ऑक्टोबर 1988 ला आला आणि डिसेंबरमध्ये ऑर्बिसन गेला. त्याचं 'यू गॉट इट' नंतर हिट झालं, प्रोड्युसर कोण ते आता सांगायला नको.

मधली कितीतरी वर्षं लिन स्टेजवर जवळजवळ दिसलाच नाही. 2014 ला लंडनच्या हाइड पार्कात परत उभा राहिला तर हजारोंची गर्दी. जुलै 2025 मध्ये त्याच हाइड पार्कात शेवटचा कार्यक्रम ठरला होता, तो तब्येतीमुळे आदल्या दिवशी रद्द झाला.

आपल्याकडेही गायक आणि संगीतकाराचं नाव येतं, अनिल मोहिलेंसारख्या वाद्यसंयोजकांचं किती वेळा आलं ते तुम्हीच तुमचे जुने अंक काढून बघा. असो. पुढच्या रविवारी दोन ओळींचा खुलासा टाकलात तरी चालेल, फक्त नाव 'लिन' लिहा, 'लायन' नको.

एक जुना वाचक, डोंबिवली पूर्व